निराकाराची उपासना करायचीय? मग डोळ्यांपुढे काही आणू नका

देव निराकार आहे हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो, मानही डोलावतो, पण खरंच त्याची उपासना करायला बसलं की पहिल्याच मिनिटाला गाडी अडते. डोळे मिटले, आता समोर आणायचं काय? मग कोणी पांढरा प्रकाश आणतं, कोणी निळं आकाश, कोणी अथांग काळी पोकळी, आणि चार दिवसांनी वाटायला लागतं की निराकाराचं ध्यान जमतंय बरं का. पण प्रकाशाला रंग आहे, आकाशालाही आहे, पोकळी लांबरुंद आहे, आणि ती तुम्हाला समोर दिसतेय. म्हणजे एक मूर्ती उचलून तिथे दुसरी बसवली, फक्त हिला हातपाय नाहीत एवढंच. प्रकाशाचं ध्यान वाईट आहे असं अजिबात नाही, मन शांत व्हायला ते छान आहे, पण उपनिषदं ज्याला ब्रह्म म्हणतात, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेलं एकच सत्य, ते हे नव्हे हे सुरुवातीलाच क्लिअर असलेलं बरं, नाहीतर माणूस वर्षानुवर्षं तिथेच बसून राहतो.

मुद्दा असा आहे की निराकाराची कल्पना करताच येत नाही, कारण कल्पना केली की आकार आलाच. म्हणून आपल्याकडच्या ऋषींनी उलटा रस्ता धरला, समोर काही आणायचं नाही, जे जे समोर येतं ते ज्याला दिसतंय त्याच्याकडे वळायचं. याला सगळ्यात थेट भाषेत मांडलंय केनोपनिषदाने, त्याच्या पहिल्या खंडाच्या शेवटी पाच मंत्र आहेत, वाणी, मन, डोळा, कान आणि प्राण या पाचांवर एकेक. डोळ्यांनी जे पाहता येत नाही पण ज्याच्यामुळे डोळे पाहतात, ते ब्रह्म असं समज, आणि प्रत्येक मंत्राच्या शेवटी तीच ओळ परत येते, ‘तदेव ब्रह्म त्वं विद्धि नेदं यदिदमुपासते’, लोक हे समोरचं म्हणून ज्याची उपासना करतात ते नव्हे. हे पाच मंत्र पाठ करा. खरंच सांगतो, पुढे बसायला लागलात की हेच कामाला येतात.

आता वाचायचं काय आणि कुठून, कारण लोक डायरेक्ट ब्रह्मसूत्रं, म्हणजे उपनिषदांचा अर्थ लावणारी छोटी छोटी सूत्रं, उघडतात आणि आठवड्यात पुस्तक मिटतात. ब्रह्मसूत्रं नंतर. आधी केनोपनिषद, चारच खंड आहेत, आणि तिसऱ्या चौथ्या खंडात जी यक्षाची गोष्ट आहे ती नीट वाचा. देव युद्ध जिंकतात, आपणच भारी असं त्यांना वाटतं, तेवढ्यात समोर एक यक्ष उभा राहतो, कोण आहे कोणालाच कळत नाही. अग्नी जातो, त्याच्यापुढे यक्ष गवताची एक काडी ठेवतो, ती त्याला जाळता येत नाही, वायूला ती हलवता येत नाही, आणि इंद्र जवळ गेला की यक्ष गायबच होतो, आणि त्याच आकाशात त्याला उमा हैमवती भेटते, ती सांगते की ते ब्रह्म होतं. इथे ब्रह्माने रूप घेतलंय, आणि तरी देवांना ओळखता आलं नाही, हे दोन्ही एकाच गोष्टीत आहे म्हणून मला ही गोष्ट फार आवडते.

त्यानंतर छांदोग्याचा फक्त सहावा अध्याय. श्वेतकेतू बारा वर्षांचा असताना गुरुकुलात जातो, चोविसाव्या वर्षी सगळे वेद शिकून परत येतो, चेहऱ्यावर अभिमान, आणि बाप म्हणजे उद्दालक आरुणी त्याला विचारतो की ज्याने न ऐकलेलं ऐकलेलं होतं ते विचारलंस का गुरूंना? पोरगं गप्प. मग बाप त्याला जे शिकवतो त्यात दोन प्रयोग असे आहेत की आपणही घरी करू शकतो, आणि करावेत, नुसतं वाचून पुढे जाऊ नका. एक म्हणजे मीठ. रात्री भांड्यात पाणी घ्या, मिठाचा खडा टाका, सकाळी उठून तो खडा शोधा. नाही सापडणार. मग वरचं पाणी चाखा, मधलं चाखा, तळाचं चाखा, तिन्हीकडे खारट. डोळ्यांना हाताला जे लागत नाही ते नाहीच असं आपण पटकन म्हणतो ना, ती सवय मोडायला हा प्रयोग आहे, उद्दालक म्हणतो की तसंच ते सत्, म्हणजे जे खरोखर आहे ते, इथेच आहे, तुला दिसत नाही एवढंच. दुसरा वडाच्या फळाचा, फळ फोड, आत बारीक बिया, त्यातली एक फोड, आत काय दिसतंय? काहीच नाही. आणि जे तुला दिसत नाहीये त्याच्यातूनच एवढा मोठा वड उभा आहे. या अध्यायात ‘तत्त्वमसि’ नऊ वेळा येतं, दर वेळी वेगळ्या उदाहरणानंतर, त्यामुळे एका बैठकीत सगळं संपवू नका, एका दिवशी एकच उदाहरण घ्या आणि दिवसभर ते डोक्यात राहू द्या.

मग ईशावास्य, अठरा मंत्र, आणि मांडुक्य, बाराच मंत्र पण ते मात्र कोणाकडून तरी समजून घ्या, एकट्याने वाचलं तर सातव्या मंत्रात नुसती ‘न’ ची रांग दिसते आणि माणूस घाबरतो. गीतेत सातवा, नववा, बारावा आणि तेरावा अध्याय. मराठीत हवं असेल तर दासबोधाचा सहावा दशक, त्याचं नावच देवशोधन आहे, समर्थांनी तिथे खरा देव कोणता हा प्रश्न अजिबात आडपडदा न ठेवता घेतलाय.

बसायचं कसं ते आता जरा सविस्तर सांगतो, कारण विचारणारे सगळे इथेच अडकलेले असतात.

पद्धत जुनी आहे, वेदांतात तिला दृक् आणि दृश्य यांचा विवेक म्हणतात, म्हणजे पाहणारा आणि पाहिलं जाणारं हे एकमेकांपासून निवडून वेगळे करायचे. ताठ बसा, पद्मासन वगैरे नाही जमलं तर खुर्चीवर बसा, डोळे सुरुवातीला उघडे ठेवले तरी चालतील. समोर जे काही आहे, भिंत, दार, खिडकी, त्यातल्या एका वस्तूकडे बघा. ती दिसतेय आणि डोळा बघतोय. आता डोळ्याकडे या. डोळा आज चुरचुरतोय, अंधुक दिसतंय, चष्मा नाहीये, हे तुम्हाला कळतंय ना? म्हणजे मघाशी जो पाहणारा होता तो डोळा आता स्वतःच कळण्याचा विषय झाला, आणि कळतंय मनाला. आता मनाकडे या. मन आज उदास आहे, चिडलंय, ऑफिसमधल्या कुठल्यातरी गोष्टीवर घिरट्या घालतंय, हेही कळतंय. मग मनही दृश्यच झालं. राग आला ते कळलं, गेला तेही कळलं, मन बदललं पण कळणं तेच राहिलं. ज्याला हे कळतंय तो साक्षी, आणि इथे मात्र एक गोष्ट घट्ट धरून ठेवा, आता या साक्षीला बघायला जायचं नाही. जाल तर जे सापडेल ते परत दृश्यच असेल, एखादा विचार किंवा एखादी जाणीव, आणि तुम्ही पुन्हा एक पायरी खाली. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला हेच विचारतात, ‘विज्ञातारमरे केन विजानीयात्’, अगं जो सगळं जाणतो त्याला कशाने जाणायचं?

मग करायचं काय? काहीच न करता तिथे राहायचं. हे ऐकायला पोकळ वाटतं मला माहीत आहे, म्हणून प्रत्यक्षात काय घडतं ते सांगतो. बसल्यावर थोड्या वेळाने गुडघा दुखतो, तर मनात म्हणायचं की दुखणं कळतंय, मी हे दुखणं नव्हे. बाहेर हॉर्न वाजला, आवाज कळतोय, मी आवाज नव्हे. उद्याची मीटिंग आठवली, विचार कळतोय, मी विचार नव्हे. हेच ते ‘नेति नेति’, जे बृहदारण्यकात आलंय. आणि हे म्हणताना वैतागून ढकलून द्यायचं नाही, हे लक्षात ठेवा, कारण गुडघ्याला हाकलण्यात सगळी ताकद गेली तर मन गुडघ्यावरच राहिलं की! हळू, नोंद घेतल्यासारखं. आणि मग दोन विचारांच्या मध्ये कधीतरी एक फट येते, तिथे कुठलाच विषय नसतो पण तुम्ही झोपलेलेही नसता. ती धरायला धावू नका, ती येते नि जाते, तिच्या अलीकडे पलीकडे आणि विचार चालू असतानाही जे होतंच तिकडे आपलं लक्ष पाहिजे.

इथे हमखास एक शंका येते, की हे तर नुसतं ब्लँक झालं, काहीच नाही, शून्य. तर मग स्वतःला विचारा, काहीच नाही हे कोणाला कळलं? ती रिकामी अवस्था सुद्धा तुमच्यासमोर आली आणि गेली, म्हणजे तीही दृश्यच. गाढ झोपेतून उठल्यावर आपण म्हणतोच ना की मस्त झोप लागली, काही कळलंच नाही, ते काही न कळणं सुद्धा कुठेतरी नोंदलं गेलंय म्हणून तर सांगता येतं. मांडुक्यात जागृती, स्वप्न आणि गाढ झोप या तिन्हींच्या पुढे चौथं सांगितलंय ते याचसाठी, गाढ झोप किंवा ब्लँक होणं म्हणजे निराकाराचा अनुभव नव्हे. ध्यानात डुलकी लागते आणि लोकांना समाधी वाटते, तर तसं होत असेल तर सरळ उठा, तोंड धुवा, थोडं चाला आणि मग परत बसा.

रोज किती वेळ बसायचं याचं माझ्याकडे ठरलेलं उत्तर नाही. सुरुवातीला थोडाच वेळ पण रोज, ठरलेल्या वेळी, आणि बसायच्या आधी केनोपनिषदाचे ते पाच मंत्र म्हणा. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन तक्रार करतो की मन आवरणं म्हणजे वारा आवरण्यासारखं आहे, तर भगवान त्याला खोडून काढत नाहीत, हो कठीणच आहे म्हणतात, आणि अभ्यास आणि वैराग्य हे दोनच उपाय देतात.

आता सगळ्यात नाजूक प्रश्न, घरातल्या देवांचं काय करायचं? निराकार पटला की काही जण तडकाफडकी देव्हारा बंद करतात, घरात भांडणं, आईला वाईट वाटतं, आणि स्वतःच्या मनातही कुठेतरी खुपत राहतं. माझं स्पष्ट मत आहे की बंद करू नका, उलट पूजा नीट डोळे उघडे ठेवून करा, कारण निराकार त्या पूजेतच भरलेला आहे आणि आपण घाईघाईत तो ऐकत नाही. षोडशोपचार पूजा घ्या. सोळा उपचार आणि पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा, एकेका उपचाराला एकेक. आवाहन करताना काय म्हणतो आपण? ‘सहस्रशीर्षा पुरुषः’, ज्याला हजार डोकी, हजार डोळे, जो सगळी पृथ्वी व्यापून वर दहा अंगुळं उरला, त्याला आपण वीतभर मूर्तीत या म्हणून बोलावतोय. पाद्य म्हणजे पाय धुवायला पाणी देताना तिसरी ऋचा आहे, तिच्यात म्हटलंय की ही सगळी भूतमात्रं मिळून त्याचा फक्त एक पाद, तीन पाद तर तिकडे अमृतात आहेत. पळीभर पाणी घालताना तोंडाने हे चाललंय! ज्यांनी ही पूजा बसवली त्यांना मूर्ती म्हणजेच संपूर्ण देव असं वाटत होतं, हे मला तरी कधीच पटणार नाही.

आणि गणपती. भाद्रपदात मातीची मूर्ती येते, प्राणप्रतिष्ठा होते, तोपर्यंत ती नुसती माती. मग दीड दिवस, पाच दिवस, काय असेल ते. आणि शेवटी उत्तरपूजा, अक्षता वाहायच्या, ‘यान्तु देवगणाः सर्वे’ म्हणायचं, आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवायची. तो क्षण पुढच्या वेळी लक्ष देऊन बघा. देवाला रूप दिलं, प्रेमाने सांभाळलं, आणि स्वतःच्या हाताने ते रूप परत सोडलं. शंकराचार्यांच्या परंपरेत शिकवायची जी पद्धत आहे, आधी आरोप करायचा मग तो काढून घ्यायचा, अध्यारोप आणि अपवाद म्हणतात तिला, ती इथे आपण घरात हाताने करतो. गीतेच्या तेराव्या अध्यायात पण हाच क्रम आहे, सगळीकडे त्याचे हातपाय आहेत असं आधी म्हटलंय आणि लगेच पुढच्या श्लोकात त्याला एकही इंद्रिय नाही असं सांगितलंय. लोकांना हा विरोधाभास वाटतो, पण पहिलं वाक्य तो नाहीच असं तुम्हाला वाटू नये म्हणून आहे आणि दुसरं तो आपल्यासारखाच एखादा देहधारी आहे असं वाटू नये म्हणून.

पूजा संपल्यावर एक श्लोक म्हणायची सवय लावा, ‘रूपं रूपविवर्जितस्य भवतो ध्यानेन यत्कल्पितम्’ असा सुरू होतो तो, परंपरेने व्यासांच्या नावावर आहे. त्यात भक्त तीन अपराधांची माफी मागतो, तुला रूप नसताना मी ध्यानात तुला रूप दिलं, तू शब्दांत मावत नसताना स्तुती करून तुला शब्दांत बसवलं, आणि तू सगळीकडे असताना तीर्थयात्रेला जाऊन जणू तू फक्त तिथेच आहेस असं वागलो. बघा, माफी मागतोय पण ध्यान, स्तुती, यात्रा यातलं काही सोडत नाहीये. दक्षिणेत चिदंबरमच्या देवळात हेच दगडात उभं केलंय, नटराजाची सुंदर मूर्ती आहे आणि तिच्या शेजारीच पडद्यामागे जे चिदंबर रहस्य आहे तिथे मूर्ती नाही, पडदा सरकवला की सोन्याच्या बेलपानांच्या माळा आणि मोकळी जागा. दोन्हींचं दर्शन एकाच देवळात.

संत नामदेवांची गोष्ट तर सगळ्यांना माहीत असते, औंढ्या नागनाथला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले, नामदेव चिडले, तर विसोबा म्हणाले की जिथे देव नसेल तिथे माझे पाय ठेव. जिकडे ठेवावे तिकडे पिंड. ही गोष्ट सांगताना आपण तिथेच थांबतो, पण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे, एवढा बोध झाल्यावर नामदेवांनी विठ्ठल सोडला का? नाही सोडला. तेच नामदेव पुढे पंजाबात गेले, आणि गुरू ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत, जिथे एकाच निराकाराची उपासना आहे. आणि ज्ञानोबा तर सरळच विचारतात, ‘तुज सगुण म्हणों कीं निर्गुण रे’, आणि स्वतःच पुढे सांगतात की दोन्ही एकच गोविंद.

काही धोके आहेत ते थोडक्यात सांगतो. एक, साक्षी साक्षी म्हणत जबाबदाऱ्या टाळणं, घरात कोणी आजारी आहे आणि हा म्हणतो मी तर फक्त द्रष्टा, हे वेदांत नव्हे, ही पळवाट आहे. दुसरं, मूर्तिपूजा करणाऱ्यांना अडाणी समजणं, हा अहंकार फार लवकर चढतो आणि उतरायला फार वेळ लागतो. तिसरं, गीतेचा बाराव्या अध्यायातला इशारा न वाचता पुढे जाणं. अर्जुनाने तिथे नेमकं हेच विचारलंय, सगुणवाले श्रेष्ठ की अव्यक्ताची उपासना करणारे? आणि भगवान म्हणतात तेही मलाच येऊन मिळतात, पण ‘क्लेशोऽधिकतरस्तेषाम्’, त्यांना कष्ट जास्त, कारण देहात राहून देहापलीकडचं धरायचंय. ज्याचं मन नुसत्या विवेकाने कोरडं पडायला लागलंय, रडू येत नाही, प्रेम वाटत नाही, त्याने खुशाल काही दिवस बसणं कमी करून नामस्मरण वाढवावं, भजनाला जावं. यात पायरी उतरलो असं काही मानायचं कारण नाही.

आणि एक, सगळा हिंदू विचार निराकारावर एकमत आहे असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. शंकराचार्य ब्रह्मसूत्रातल्या ‘अरूपवदेव हि’ या सूत्रावर ब्रह्माला रूप नाहीच असं ठामपणे म्हणतात, ईश्वराचं सगुण रूप त्यांच्या मते उपासनेसाठी. रामानुजाचार्यांना हे मान्य नाही, त्यांच्या मते श्रुती, म्हणजे वेद आणि उपनिषदं, निर्गुण म्हणते तेव्हा ती दोष नाकारते, नारायण अनंत कल्याणगुणांनी भरलेला आहे आणि त्याचं दिव्य रूप नित्य आहे, तात्पुरती सोय म्हणून घेतलेलं नाही. मध्वाचार्यांच्या मते तर जीव आणि ईश्वर कायमचे वेगळे. उलट टोकाला एकोणिसाव्या शतकात राममोहन रॉय यांचा ब्राह्मो समाज 1828 साली, मुंबईत प्रार्थना समाज 1867 साली आणि दयानंदांचा आर्य समाज 1875 साली निघाला, तिन्हींनी मूर्ती बाजूला ठेवली, पण त्यांचा निराकार देव प्रार्थना ऐकणारा आहे, त्याला गुण आहेत, म्हणजे तो शंकराचार्यांच्या अद्वैताचा निर्गुण नव्हे. आकार नसणं आणि गुण नसणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि वाचताना हा फरक सुटला की सगळी मतं एकमेकांत कालवली जातात.

त्यामुळे अभ्यास सुरू करताना एकच परंपरा धरा आणि तिचंच भाष्य निदान एक उपनिषद पूर्ण होईपर्यंत वाचा, आज शांकरभाष्य उद्या रामानुज परवा एखादा व्हिडिओ असं केलं तर डोक्यात भाजी होते. घरात वारकरी परंपरा असेल तर ज्ञानेश्वरीचा बारावा आणि तेरावा अध्याय हीच तुमची सुरुवात, घरात रामानुजांची किंवा मध्वांची परंपरा असेल तर मूर्ती सोडायचा प्रश्नच तुमच्यासाठी उद्भवत नाही, तुमच्याकडचा कोणी जाणकार गाठा आणि त्याला अंतर्यामी या विषयावर विचारा, बृहदारण्यकाच्या तिसऱ्या अध्यायात ते प्रकरण आहे, पृथ्वीत राहून जो पृथ्वीला माहीत नाही आणि आतून तिला चालवतो तो. शंकराचार्य त्याच्यावरही लिहितात आणि रामानुज तर त्याच्यावरच आपलं सगळं दर्शन उभं करतात, त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांना एकत्र बसून वाचायला यापेक्षा चांगला भाग नाही.